पोराचं नाव कोणाच्या वहीत?

तीर्थपुरी म्हटलं की जालना जिल्ह्यातल्या माणसाच्या डोळ्यांपुढे ऊस येतो. गोदाकाठची काळी जमीन, जायकवाडीच्या डाव्या कालव्याचं पाणी, कारखान्याकडे निघालेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या रांगा, आणि त्याच घनसावंगी तालुक्यात समर्थ रामदासांचं जांब. या चित्रात फुटबॉल कुठेच नसतो. इकडची पोरं टेनिस बॉलचं क्रिकेट खेळतात, कबड्डी आणि खो-खो खेळतात, यात्रेत कुस्त्यांचा फड बघायला जातात. पण १५ सप्टेंबर २०१७ ला, सतरा वर्षांखालील विश्वचषक भारतात भरण्याच्या तोंडावर, राज्य सरकारने एकाच दिवशी दहा लाख मुलांना फुटबॉल खेळवण्याचा उपक्रम केला आणि शाळांना चेंडू वाटले. तेव्हापासून खेड्यातल्या शाळांच्या क्रीडासाहित्यात फुटबॉलही दिसू लागला. त्यानंतर १४ डिसेंबर २०२५ ला मुंबईत वानखेडे स्टेडियमवर लिओनेल मेस्सी आला, तेव्हा तेरा वर्षांखालच्या मुलामुलींसाठीच्या ‘महादेवा’ या सरकारी फुटबॉल योजनेचा गाजावाजा झाला. त्यामुळे खेड्यातल्या आईबापांच्या मनातही आता विचार येतो, आपल्या पोराच्या पायात काही आहे का, ते बघायला काय हरकत आहे?

पोरगं खरंच चांगलं निघालं, तर तीर्थपुरीत राहून त्याला फार पुढे जाता येत नाही. अंबड, जालना, छत्रपती संभाजीनगर, पुणे असा रस्ता धरावा लागतो. त्या रस्त्यावर प्रत्येक मुक्कामी कोणीतरी त्याचं नाव आपल्या वहीत लिहून घेतं: शाळा, क्लब, अकादमी, जिल्हा संघटना. पुढच्या मुक्कामी जायचं तर ते नाव आधीच्या वहीतून सुटावं लागतं. ते कसं सुटतं, कोणाच्या सहीने सुटतं आणि त्यात मुलाचा हक्क किती, हे बहुतेक पालकांना त्या दिवशीपर्यंत माहीत नसतं, ज्या दिवशी नवा कोच विचारतो, ‘जुन्या क्लबची एनओसी आणली का?’

पहिली वही शाळेची. आपल्याकडे खेड्यातल्या मुलाची खेळाडू म्हणून पहिली नोंद क्लबात होत नाही, ती शालेय स्पर्धेच्या प्रवेशिकेवर होते. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाकडून तालुका, तालुक्यातून जिल्हा, जिल्ह्यातून विभाग आणि मग राज्य अशी ती शिडी आहे. चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालचे गट असतात. सुब्रतो मुखर्जी चषक ही १९६० पासून चालत आलेली शालेय फुटबॉल स्पर्धाही अशाच पायऱ्यांनी खालून वर जाते. प्रवेशिकेवर मुलाचं नाव, इयत्ता, जनरल रजिस्टरचा नंबर, जन्मतारीख, आधार, फोटो, खाली मुख्याध्यापकांची सही आणि शिक्का. सोबत बोनाफाईड आणि जन्मदाखला. क्लब असो की राष्ट्रीय संघ, पुढे सगळीकडे मुलाची जी ओळख चालते, तिचा पाया हाच कागद असतो.

आणि या कागदावरचा सर्वांत नाजूक रकाना जन्मतारखेचा. मराठवाड्यात ‘एक जून’ ही तारीख किती जणांच्या दाखल्यावर आहे, ते कोणत्याही बारशात किंवा वर्गमित्रांच्या मेळाव्यात विचारून बघावं. गुरुजींनी पोराला पहिलीत घेतलं, सहा वर्षं पूर्ण दिसावीत म्हणून १ जून लिहिलं, घरच्यांनी मान हलवली. एका पिढीचं त्याने काही बिघडलं नाही, निवृत्तीची तारीख तेवढी पुढेमागे झाली. खेळात मात्र बिघडतं. शालेय गट १ जानेवारीच्या हिशेबाने पडतात. जानेवारी २०१३ मध्ये जन्मलेल्या मुलाच्या नावापुढे शाळेत १ जून २०१२ लागलं, तर चौदा वर्षांखालच्या गटातला त्याचा एक अख्खा हंगाम गेला. वय सात महिन्यांनीच वाढलं, पण गट पूर्ण वर्षाने चुकला. आता बाळंतपणं दवाखान्यात होतात आणि जन्मदाखला मिळतो, तरी दाखल्यावर एक तारीख आणि शाळेत दुसरी असं घडतंच. मग क्लबात नोंदणी करताना एक कागद लागतो, अकादमीत दुसरा, आणि मूल खोटारडं ठरतं. चूक मोठ्यांची, डाग त्याच्यावर.

जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा आहे. जन्माची खबर २१ दिवसांत द्यायची असते. वर्ष उलटून गेलं तर नोंद करायला दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. २०२३ च्या दुरुस्तीनंतर, १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच मुख्य धरला जातो. ती मुलं मैदानात उतरतील तोवर एक जूनचा घोळ बराच मिटलेला असेल. आज जी मुलं दहा-पंधरा वर्षांची आहेत, त्यांच्या आईबापांनी मात्र दोन्ही कागद समोरासमोर ठेवून एकदा बघावेत. तारखा जुळत नसतील तर मूल शाळेत आहे तोवर दुरुस्तीचा अर्ज करावा. शाळा सुटल्यावर दाखल्यातली तारीख बदलणं फार अवघड होऊन बसतं. क्रिकेट मंडळ सोळा वर्षांखालच्या मुलांच्या डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांवरून वय ठरवतं. फुटबॉलमध्येही ही तपासणी आली आहे. तिथे कागद आणि हाड जुळलं नाही, तर पुढचं सगळं थांबतं.

आता दुसरी वही, क्लबाची. जगभरच्या फुटबॉलमध्ये खेळाडूच्या नोंदणीचे नियम फिफा ठरवते आणि प्रत्येक देशाची संघटना ते आपल्याकडे लागू करते. भारतात हे काम अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचं. महाराष्ट्रात त्याच्या खाली वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन म्हणजे ‘विफा’ आणि तिच्या खाली जिल्हा संघटना. महासंघाची केंद्रीय नोंदणी प्रणाली ऑनलाइन आहे. क्लब मुलाची माहिती भरतो, कागद चढवतो, मुलाला कायमचा ओळख क्रमांक मिळतो. मूळ नियम साधे आहेत. खेळाडू एका वेळी एकाच क्लबात नोंदलेला असतो. एका हंगामात फार तर तीन क्लबांत त्याची नोंदणी होऊ शकते, पण अधिकृत सामने त्यातल्या दोनच क्लबांकडून खेळता येतात. नोंदणीसाठी ठरलेल्या मुदती असतात, त्यांना बदलीच्या खिडक्या म्हणतात. फक्त हौशी खेळाडूंच्या स्पर्धांना मात्र फिफाच्या खिडक्यांचं बंधन नाही. त्यांच्या मुदती त्या त्या देशाच्या संघटनेने ठरवायच्या. आपल्या पोरांची स्पर्धा याच प्रकारात मोडते, म्हणून जिल्ह्याचं आणि राज्याचं परिपत्रक वाचणं हे फिफाचं पुस्तक वाचण्यापेक्षा जास्त गरजेचं.

एका वेळी एकच क्लब, हा नियम मला न्यायाचा वाटतो. तो नसता तर जिल्हा स्पर्धेच्या आदल्या रात्री श्रीमंत संघाने चार गावांतली चार चांगली पोरं गाडीत घालून नेली असती आणि वर्षभर घाम गाळणारी गावची पोरं बाकावर बसली असती. गावोगावच्या कबड्डीच्या खुल्या स्पर्धांत असं घडताना आपण पाहिलेलं आहे. एकाच मोसमात एकच पोरगा तीन गावांच्या बनियनमध्ये. बक्षिसाच्या रकमेसाठी ते चालतं, पण चौदा वर्षांच्या मुलाचा खेळ त्याने घडत नाही. नोंदणीमुळे संघ संघ राहतो. एका वर्षात दोन ठिकाणी राबवून मुलाचे गुडघे खराब करण्यालाही थोडा चाप बसतो.

नियमाचा काच सुरू होतो तो सोडण्याच्या वेळी. ‘दोन वर्षं आम्ही घडवला, आता असाच सोडायचा का?’ हे बोलणं तालुक्या-तालुक्यांतून ऐकू येतं. बोलणाऱ्याच्या पोटात खरी कळ असते, हे मी मान्य करतो. सकाळी सहाला मैदानावर येणारा, स्वतःच्या खिशातून बूट घेऊन देणारा शिक्षक किंवा कोच त्या मुलात जीव ओततो. पण त्या कळेपोटी ना हरकत प्रमाणपत्र (एनओसी) अडवून ठेवलं, की मुलाचं एक वर्ष वाया जातं. मोठ्या खेळाडूंना पर्याय असतात. यशस्वी जयस्वालने एप्रिल २०२५ मध्ये गोव्याकडून खेळण्यासाठी मुंबई क्रिकेट संघटनेकडे एनओसी मागितली आणि पुढच्याच महिन्यात ती मागणी मागे घेतली. पृथ्वी शॉ त्याच वर्षी मुंबईची एनओसी घेऊन महाराष्ट्राच्या संघात आला. अर्जुन तेंडुलकर २०२२ मध्ये गोव्याला गेला. त्यांच्या बातम्या झाल्या, त्यांचा कागद अडला तर चार वकील उभे राहतील. तीर्थपुरीच्या पोराचा कागद अडला तर कोण उभं राहणार? त्याच्या बापाला त्या दिवशी रोज बुडवून जालन्याला जावं लागतं, आणि तिथे ज्याची सही पाहिजे तो माणूस जागेवर असेलच असं नाही.

कागद अडवण्याची ही गोष्ट जगात एकदा कोर्टात जाऊन ठेपली. १९९० मध्ये बेल्जियमच्या लिएज क्लबाबरोबरचा ज्याँ-मार्क बोस्मनचा करार संपला. त्याला फ्रान्समधल्या डंकर्कला जायचं होतं. करार संपला तरी जुन्या क्लबाने पैशांसाठी त्याला अडवून धरलं. तो कोर्टात गेला, आणि १५ डिसेंबर १९९५ ला युरोपीय न्यायालयाने सांगितलं की करार संपल्यावर क्लबाला खेळाडू अडवता येणार नाही. त्याच निकालामुळे युरोपातला फुटबॉल बदलला. पण आपल्या विषयाला त्याहून जवळचं प्रकरण ऑलिव्हिए बर्नारचं. फ्रान्समधल्या लिऑन क्लबाने त्याला तरुण वयात तीन वर्षं प्रशिक्षण दिलं, मग पहिला व्यावसायिक करार पुढे केला. त्याने तो नाकारला आणि २००० मध्ये इंग्लंडच्या न्यूकॅसलला गेला. लिऑनने नुकसानभरपाई मागितली. १६ मार्च २०१० च्या निकालात त्याच युरोपीय न्यायालयाने दोन्ही बाजूंचं ऐकलं. मुलं घडवणाऱ्या क्लबांना उत्तेजन मिळावं म्हणून भरपाई मागणं रास्त आहे, पण ती घडवण्याच्या प्रत्यक्ष खर्चाशी जोडलेली असावी. दंड म्हणून मनाला येईल तो आकडा लावता येणार नाही. कोचचं ‘आम्ही घडवला’ हे म्हणणं आणि मुलाचं ‘मला जाऊ द्या’ हे म्हणणं, दोन्हींना यात जागा आहे. मला हा निकाल फार शहाणपणाचा वाटतो.

घडवणाऱ्याचा वाटा फिफाच्या नियमांत आकड्यांत लिहिलेला आहे, आणि तो प्रत्येक खेड्यातल्या कोचने समजून घ्यावा असा आहे. खेळाडूची करारातली बदली पैसे देऊन दुसऱ्या देशातल्या क्लबात झाली, की त्या रकमेतले पाच टक्के बाजूला काढायचे आणि तो बाराव्या ते तेविसाव्या वर्षांपर्यंत ज्या ज्या क्लबांत नोंदलेला होता, त्यांना वाटायचे. बारा ते पंधरा या चार वर्षांना वर्षाला पाव टक्का, सोळा ते तेवीस या आठ वर्षांना वर्षाला अर्धा टक्का. म्हणजे बदली एक कोटीची झाली तर त्याला बारा ते पंधरा वर्षांचा होईपर्यंत सांभाळणाऱ्या क्लबाला एक लाख रुपये. पहिल्या व्यावसायिक कराराच्या वेळी प्रशिक्षणाची भरपाई वेगळी. हे पैसे देण्यासाठी फिफाने २०२२ पासून स्वतंत्र यंत्रणा चालू केली आहे. पण ती यंत्रणा पैसे कोणाला देते? ज्याची नोंद आहे त्याला. मुलाच्या इलेक्ट्रॉनिक पासपोर्टमध्ये, म्हणजे त्याच्या क्लब-नोंदींच्या यादीत, प्रत्येक हंगामापुढे ज्या क्लबाचं नाव असेल, त्यालाच. गावच्या संघाने चार वर्षं मुलाला शिकवलं आणि कधी नोंदणीच केली नाही, तर त्या चार ओळी रिकाम्या राहतात किंवा शहरातल्या दुसऱ्याच कोणाच्या नावावर लागतात. एनओसी दाबून ठेवणाऱ्या माणसाला मला हेच सांगावंसं वाटतं. तुमचा हक्क अडवण्याने टिकत नाही, वेळेवर नोंद केल्याने टिकतो.

महाराष्ट्रात क्लब-नोंदणीचा खरा जिवंत बाजार बघायचा तर कोल्हापूरला जावं लागतं. तिथे फुटबॉल तालमींतून वाढला. कुस्तीच्या तालमी आणि तरुण मंडळं, त्यांचेच फुटबॉल संघ. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, संध्यामठ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी. ही नावं कोल्हापूरकराला सांगावी लागत नाहीत. १९४० मध्ये स्थापन झालेली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन म्हणजे ‘केएसए’ हंगामापूर्वी खेळाडूंची नोंदणी घेते, आणि ते दिवस पेठांमध्ये सणासारखे असतात. कोण कुठे गेला, कोणाला कोणी फोडलं, कोण आपल्या पेठेत परत आला, याची चर्चा कट्ट्यांवर चालते आणि स्थानिक वर्तमानपत्रांत संघबदलाच्या याद्या छापून येतात. एका पेठेत जन्मलेला पोरगा पलीकडच्या पेठेच्या जर्सीत छत्रपती शाहू स्टेडियमवर उतरला, की गॅलरीतली ओळखीची माणसं त्याचं नाव घेऊन ओरडतात. त्यात प्रेम असतं आणि रागही असतो. पूर्वी कोलकात्यात बदलीच्या दिवसांत क्लबांचे लोक खेळाडूंना लपवून ठेवत, त्याच जातीचा हा जिव्हाळा.

कोल्हापुरात एक गोष्ट मात्र उघड्यावर होते. नोंदणीची तारीख सगळ्यांना माहीत असते. खेळाडू स्वतः येतो, क्लबाचा कार्यकर्ता सोबत असतो, सही होते, यादी लागते. उद्या वाद झाला तर दाखवायला कागद असतो. बाहेरून आणलेल्या खेळाडूंवर संख्येची मर्यादा असते, म्हणून गावच्या मुलांनाही जागा राहते. मराठवाड्यात आपल्याकडे ही उघडी वहीच नाही. असते ती कोचच्या मोबाइलमधली यादी. मुलाची नोंद झाली की नाही, कोणत्या क्लबाच्या नावाने झाली, हे बापाला विचारलं तर तो म्हणतो, ‘सरांना माहीत आहे.’ सरांवरचा हा विश्वास चांगला आहे, पण ओळख क्रमांक आणि नोंदणीची प्रिंट घरच्या पेटीतही असली पाहिजे.

कोल्हापूरचाच अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. त्याची वाट पुण्याच्या बालेवाडीतल्या क्रीडा प्रबोधिनीतून गेली. राज्य सरकारची ही निवासी व्यवस्था १९९६ पासूनची. तिथे मुलं लहान वयात चाचण्यांतून निवडली जातात, राहणं, जेवण आणि शिक्षण सरकार बघतं. घरापासून दूर जायचंच असेल तर खेड्यातल्या मुलासाठी यासारखी वाट शोधावी, असं माझं स्पष्ट मत आहे, कारण इथे मुलाच्या नोंदीला जबाबदार कोण, हे कागदावर असतं. खासगी निवासी अकादमीत मूल घालताना हेच आधी विचारायला हवं. मुलगा कोणत्या क्लबाच्या नावाने नोंदला जाणार, त्या क्लबाची ‘विफा’कडे किंवा महासंघाकडे मान्यता आहे का, शाळा कोणती, आणि वर्षाच्या मधे परत आणावं लागलं तर नाव कोण आणि किती दिवसांत सोडणार. फीच्या आकड्याआधी हे प्रश्न. बऱ्याच ठिकाणी पालकांकडून बाँडपेपरवर सही घेतली जाते, ‘पाच वर्षं दुसरीकडे खेळणार नाही.’ आपल्याकडच्या १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे अज्ञान मुलाने केलेला करार मुळातच टिकत नाही. फिफाही अठरा वर्षांखालच्या खेळाडूचा तीन वर्षांपलीकडचा करार मानत नाही. पण बापाने स्वतः पैसे परत करण्याची हमी लिहून दिली, तर तो वेगळा मामला होतो. म्हणून सही करण्याआधी तो कागद गावातल्या एखाद्या जाणत्या माणसाकडून वाचून घ्यावा.

मुलांच्या बाबतीत फिफा इतकी कडक का झाली, त्यामागे दुःखाच्या खूप गोष्टी आहेत. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतली पोरं दलालांनी युरोपात नेली, चाचणीत नापास झाली की तिथेच रस्त्यावर सोडली. म्हणून २००१ पासून नियम आला, अठरा वर्षांखालच्या खेळाडूची दुसऱ्या देशात बदली होणार नाही. अपवाद मोजके. आईवडील फुटबॉलशिवाय दुसऱ्या कारणाने त्या देशात गेले असतील, मूल सीमेजवळ राहत असेल, किंवा युरोपातल्या देशांत सोळा ते अठराच्या मधलं असेल, असे. मेस्सी तेराव्या वर्षी अर्जेंटिनातल्या रोझारिओहून बार्सिलोनाला गेला तो २००० मध्ये, म्हणजे नियमाच्या आदल्याच वर्षी. त्याच बार्सिलोनावर एप्रिल २०१४ मध्ये लहान मुलांच्या बेकायदा नोंदणीसाठी बंदी आली. दोन खिडक्यांत त्यांना एकही नवा खेळाडू नोंदता आला नाही. रियाल आणि अॅटलेटिको माद्रिदवरही २०१६ मध्ये तशीच कारवाई झाली. तरी प्रकार थांबलेले नाहीत. जून २०२३ मध्ये उत्तर पोर्तुगालमधल्या एका फुटबॉल अकादमीवर पोलिसांनी छापा घातला, तेव्हा तिथे आफ्रिका, आशिया आणि दक्षिण अमेरिकेतून आणलेली अल्पवयीन मुलं सापडली.

या नियमाची झळ परदेशातल्या मराठी घरांनाही लागते. पुण्याहून नोकरीसाठी म्युनिकला किंवा मँचेस्टरला गेलेल्या कुटुंबातल्या अकरा वर्षांच्या मुलाला तिथल्या गल्लीतल्या क्लबात खेळायचं असतं. क्लब आईबापांची नोकरीची पत्रं, व्हिसा, जन्मदाखला आणि राहण्याचा पुरावा मागतो. दहा वर्षांवरच्या मुलाने आधी दुसऱ्या देशात नोंदणी केली असेल तर आंतरराष्ट्रीय बदलीचं प्रमाणपत्रही लागतं. पालकांना वाटतं, रविवारच्या खेळाला एवढं कशाला? कारण इतकंच, की मुलाला कोणी विकायला आणलेलं नाही, हे तपासायचा दुसरा मार्ग नाही. आणि याच प्रमाणपत्राबद्दल फिफाच्या नियमात एक ओळ आहे, जी आपल्या प्रत्येक जिल्हा संघटनेच्या भिंतीवर लावावी: हे प्रमाणपत्र विनामूल्य, विनाअट आणि विनामुदत द्यायचं. उलट कोणतीही अट घातली तर ती रद्द. देशाच्या सीमा ओलांडताना जे मुलाला फुकट आणि बिनशर्त मिळतं, ते तालुक्याची सीमा ओलांडताना अडकावं, हे कोणत्या न्यायाने?

आणखी एक गोष्ट टोचते. मुलांना वाचवणारा हा नियम देशांच्या सीमेवर लागतो, देशाच्या आत लागत नाही. फ्रान्समधला पोरगा नदी ओलांडून पलीकडे जर्मनीत गेला तर त्याचे कागद दहादा तपासले जातात. तीर्थपुरीचा तेरा वर्षांचा पोरगा गोव्याच्या किंवा पंजाबच्या निवासी अकादमीत शेकडो किलोमीटर दूर गेला, तर तो फिफाच्या हिशेबाने घरातच आहे. त्याच्याकडे बघायला त्याचे आईबाप आणि त्याची शाळा, एवढेच.

आणि आईबापच गावात नसतील तर? ऊसतोडीला जाणाऱ्या घरांची गोष्ट या विषयात कोणी काढत नाही. अंबड, घनसावंगी, मंठा आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातून दिवाळीच्या सुमारास कोयत्याच्या जोड्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. शालेय स्पर्धा पावसाळ्यात सुरू होतात आणि जिल्हा-विभागाच्या फेऱ्या नेमक्या दिवाळीच्या आगेमागे येतात. तालुक्याला गोल मारणारा पोरगा विभागाच्या सामन्याच्या वेळी फडात असतो. शिक्षणात अशा मुलांसाठी सरकारने शिक्षण हमी कार्ड काढलं. जाईल त्या गावच्या शाळेत ते कार्ड दाखवून बसायचं. खेळात असं काहीच नाही. फडाशेजारच्या गावात चांगला संघ असला, तरी आपला पोरगा तिथे खेळू शकत नाही, कारण त्याचं नाव इकडच्या वहीत. नियम वाईट हेतूने केलेला नाही, पण तो करताना वर्षातले पाच महिने घर बदलणारी मुलं कोणाच्या डोळ्यांपुढे नव्हती. मुलींचं तर आणखी कठीण. मोठी मुलगी धाकट्या भावंडांना सांभाळायला कोपीवरच राहते, आणि ज्या वर्षी ती सतरा वर्षांखालच्या गटात चमकू शकली असती, त्या वर्षी तिचं नाव शाळेच्या पटावरूनच गेलेलं असतं.

यावर तोडगा शोधायला फिफाकडे जायची गरज नाही. तो आपल्याच शिक्षण हक्क कायद्यात आहे, २००९ च्या कायद्याच्या कलम ५ मध्ये. आठवीपर्यंतच्या मुलाला शाळा बदलायची असेल तर मुख्याध्यापकाने दाखला ताबडतोब द्यायचा. दाखला यायला उशीर झाला, या कारणाने नव्या सरकारी किंवा अनुदानित शाळेने प्रवेश नाकारायचा नाही. दाखला अडवणारा मुख्याध्यापक शिस्तभंगाच्या कारवाईला पात्र. खेळाच्या नोंदणीला हीच तीन वाक्यं लावली तर काय बिघडेल? अठरा वर्षांखालचा हौशी खेळाडू, पालकांचा लेखी अर्ज, हंगाम संपलेला किंवा कुटुंबाचं स्थलांतर झालेलं. एवढं असेल तर ठरलेल्या दिवसांत जुन्या क्लबाने नाव सोडावं, नाही सोडलं तर जिल्हा संघटनेने आपोआप सुटलं असं धरावं, आणि जुन्या क्लबाची वर्षं मुलाच्या नोंदीत तशीच राहावीत. क्लबाचं काही जात नाही. मुलाचं वर्ष वाचतं.

जालन्याने खेळाडू दिलेले आहेत. २०११ मध्ये कूचबिहार करंडकात महाराष्ट्राकडून आसामविरुद्ध नाबाद ४५१ धावा करणारा आणि २०१४ च्या एकोणीस वर्षांखालील विश्वचषकात भारताचं कर्णधारपद करणारा विजय झोल याच जिल्ह्याचा. फुटबॉलमध्ये तसं नाव अजून यायचं आहे.

जिल्ह्यातल्या क्रीडाशिक्षकांना, संघटकांना आणि तीर्थपुरीसारख्या गावांतल्या पालकांना माझी विनंती आहे. पुढच्या हंगामाच्या प्रवेशिका पावसाळ्याच्या सुरुवातीला भरल्या जातील. त्याआधी नोंदणीचे आणि संघबदलाचे नियम मराठीत, एका पानावर, प्रत्येक शाळेच्या फळ्यावर लावा. प्रत्येक मुलाच्या घरी त्याचा ओळख क्रमांक, नोंदणीची प्रिंट आणि जुळणाऱ्या तारखांचे दोन्ही दाखले आहेत का, ते बघा. आणि कोणी मूल चांगल्या मैदानाकडे निघालं असेल, तर त्याची एनओसी त्याच आठवड्यात सही करून द्या.